नस अरुंद दिसली, म्हणून स्टेंट घालायचाच का?

प्रश्न

एका बत्तीस वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा.

दीड वर्षापूर्वी त्यांना रोजची डोकेदुखी सुरू झाली. वाकून उठलं की काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी यायची. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात नाडीच्या ठोक्यांचा आवाज यायचा. नेत्रतज्ज्ञांना दोन्ही डोळ्यांच्या नसांवर, म्हणजे दृष्टीच्या मज्जातंतूंवर, सूज दिसली. एमआरआयमध्ये गाठ नव्हती, मेंदूच्या शिरांमध्ये गुठळीही नव्हती. पाठीतून पाणी काढताना दाब मोजला, तो ३४ सेंटिमीटर भरला. निदान झालं ‘आयआयएच’, म्हणजे कारण न सापडलेला कवटीतला वाढीव दाब. अ‍ॅसेटाझोलामाइड या दाब उतरवणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी सूज बरीच उतरली आहे आणि नजरेच्या गेल्या काही तपासण्या जवळपास सारख्याच आल्या आहेत. मात्र डोकेदुखी हटत नाही, बोटांना मुंग्या येतात, तोंडाची चव बिघडली आहे. शिरांच्या स्कॅनमध्ये मेंदूतलं रक्त बाहेर नेणारी मोठी शीर दोन्ही बाजूंना अरुंद दिसते. एका डॉक्टरांनी स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी, सुचवला आहे. दुसरे म्हणतात, घाई नको, आधी वजन उतरवा. त्या लिहितात, ‘नस अरुंद आहे हे चित्रात दिसतंय. ती उघडली की आजार संपेल, गोळ्या संपतील आणि वजनावरून ऐकावी लागणारी बोलणीही संपतील. नवरा म्हणतो, हृदयात घालतात तसाच तर आहे. वर्षभरात मूल हवं आहे. मग थांबायचं कशासाठी?’

उत्तर

थांबायचं कशासाठी, हे तुम्ही विचारलंत ते रास्तच आहे. पण आधी मला तुम्हालाच विचारावंसं वाटतं, की स्टेंट नेमका कशासाठी हवा आहे? तुमच्या पत्रात नजर, डोकेदुखी आणि वजनाच्या टोमण्यांचा वैताग ही तीन कारणं एकमेकांत गुंतली आहेत. यातल्या पहिल्यासाठी स्टेंट फार उपयोगाचा ठरू शकतो. दुसऱ्यासाठी कधी ठरतो, कधी नाही. तिसऱ्यासाठी तो घालायचा नसतो, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही. दोन्ही डॉक्टर बरोबर असूनही त्यांचं मत वेगळं का पडतं, याचं उत्तर बहुधा इथेच आहे: दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असावेत.

‘नस अरुंद आहे म्हणून दाब वाढला’ हे तुम्ही धरून चालला आहात. चित्र पाहिल्यावर कुणालाही तसंच वाटेल. मेंदूभोवतीचं पाणी दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं, पण एका वेळी कवटीत आणि कण्यात मिळून असतं ते जेमतेम दीडशे मिलिलिटर. बाकीचं सतत शोषलं जातं, आणि त्यातलं बरंचसं मेंदूच्या मोठ्या शिरांमध्ये उतरतं. शिरेतला दाब पाण्याच्या दाबापेक्षा कमी असेल तरच ते उतरणार. पुढे शीर अरुंद असेल तर तिच्यामागे रक्त तुंबतं, शिरेतला दाब चढतो, पाणी शोषलं जाणं मंदावतं आणि कवटीतला दाब वाढतो. इथवर तुमचा तर्क बिनचूक आहे.

अडचण पुढे आहे. ही शीर हृदयाच्या धमनीसारखी आतून चरबीचा थर साचून चिंचोळी होत नाही. काहींच्या बाबतीत आतच एखादा उंचवटा आडवा आलेला असतो, पण बऱ्याच जणींमध्ये ती बाहेरून दाबली जाते, मऊ पाइपवर पाय पडावा तशी. आणि हा पाय कुणाचा? कवटीतल्या वाढलेल्या दाबाचाच. म्हणजे दाबामुळे शीर चेपते, शीर चेपल्यामुळे दाब आणखी चढतो, आणि चक्र फिरत राहतं. या कोड्याच्या दोन्ही बाजू २००२ साली पुढे आल्या, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. त्या वर्षी इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या निकोलस हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी इतर उपायांना न जुमानणाऱ्या एका रुग्णाच्या शिरेत स्टेंट घालून फायदा झाल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या किंग आणि सहकाऱ्यांनी मानेतून थोडं पाणी काढून दाखवलं, की पाणी काढताच शिरेतला चढलेला दाबही खाली येतो. म्हणजे निदान त्या रुग्णांमध्ये तरी शीर आधी चिंचोळी झाली नव्हती, पाण्याच्या दाबाने ती चेपली होती.

मग स्टेंट फसवा आहे का? मुळीच नाही. चक्र कुठेही तोडलं तरी तुटतं, आणि स्टेंट ते शिरेपाशी तोडतो. जाळीची ताठ नळी शिरेला पुन्हा चेपू देत नाही. पण दाब चढवणारं मूळ कारण काहीही असो, ते जागेवरच राहतं. काही जणींना स्टेंटच्या अगदी लगत, जिथे जाळी संपते तिथे, नव्याने शीर चेपून त्रास परत सुरू होतो, तो यामुळेच. म्हणून ‘उघडली की आजार संपेल’ या वाक्यातला ‘संपेल’ तुम्ही काढून टाकावा असं मला वाटतं. ‘दाब उतरेल, बहुधा बराच काळ’ इतकं म्हणणं वस्तुस्थितीला धरून आहे.

शिवाय, या आजारात अरुंद शीर दिसणं ही विशेष बाब नाही. २००३च्या एका अभ्यासात बारकाईने केलेल्या स्कॅनमध्ये ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत दोन्ही बाजूंना असं अरुंदपण आढळलं. आजार नसलेल्यांतही ते अधूनमधून दिसतं. म्हणजे चित्रात अरुंद शीर दिसली, एवढ्याने स्टेंट ठरत नाही. त्यासाठी शिरेतून बारीक नळी नेऊन अरुंद जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब प्रत्यक्ष मोजतात. दोन्हींतला फरक पाऱ्याच्या साधारण ८ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर स्टेंटचा विचार, असा दंडक बऱ्याच ठिकाणी पाळतात. हे मोजमाप शक्यतो रुग्ण जागा असताना करावं, कारण भुलीत आकडे बदलतात. तुमच्या पत्रात या मोजणीचा उल्लेख नाही. ती झालेली नसेल, तर ‘स्टेंट घालायचा का’ हा प्रश्न तुमच्यापुढे अजून आलेलाच नाही. समोर आहे तो ‘मोजायचं का’ एवढाच, आणि त्याला होकार देणं पुष्कळ सोपं आहे. फक्त आधीच स्पष्ट विचारून ठेवा, की त्या दिवशी नुसतं मोजणार आहात की फरक सापडला तर लगेच स्टेंटही घालणार? दोन्ही पद्धती आहेत. तुम्हाला घरी येऊन विचार करायचा असेल, तर तसं सांगायचा हक्क तुमचा आहे.

आता निकालांचं. २०१९ मध्ये अनेक ठिकाणच्या ४७४ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. डोळ्याच्या नसेची सूज जवळजवळ ९४ टक्के लोकांत कमी झाली, कानातला आवाज ९० टक्क्यांत, डोकेदुखी ८० टक्क्यांत. दहांपैकी एकाला त्रास परत झाला किंवा पुन्हा उपचार लागले. गंभीर गुंतागुंत शंभरात दोघांच्या आसपास. आकडे चांगले आहेत, पण वाचताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. हे रुग्ण निवडलेले होते, बहुतेकांना गोळ्यांचा उपयोग झालेला नव्हता किंवा त्या सोसत नव्हत्या. आणि तुलनेसाठी स्टेंट न घातलेला गट नव्हता. डोकेदुखी ‘कमी झाली’ याचा अर्थ ‘गेली’ असाही नाही. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये मार्गदर्शन लिहिलं तेव्हा स्टेंटचं स्थान अजून ठरायचं आहे असंच म्हटलं, आणि नजर धोक्यात असेल तर पाणी पोटात वळवणारा शंट पुढे ठेवला. अनेक केंद्रं मात्र आज उलट बोलतात, कारण शंट अडकतात, सरकतात, त्यात जंतुसंसर्ग होतो आणि पुन्हा पुन्हा शस्त्रक्रियेला जावं लागतं. मी स्वतः या दुसऱ्या बाजूला झुकतो: दाबाचा फरक मोजून सिद्ध झाला असेल आणि नजर घसरत असेल, तर शंटआधी स्टेंटचा विचार व्हावा. पण तुमची नजर घसरत नाहीये. गोळ्यांनी सूज उतरते आहे. घाई करायला लावेल असं तुमच्या डोळ्यांत आज काही दिसत नाही, म्हणून ‘घाई नको’ म्हणणारे डॉक्टर मला पटतात.

हेच चित्र वेगळं असतं तर मीही वेगळं लिहिलं असतं. काही जणींमध्ये हा आजार महिन्याभराच्या आत नजर हिरावून घेतो. तिथे वजनाबद्दल बोलत बसणं हा अपराध आहे, तिथे त्याच आठवड्यात शंट, स्टेंट किंवा डोळ्याच्या नसेचं आवरण उघडण्याची शस्त्रक्रिया, जे हाताशी असेल ते करायचं असतं. हे वाचणाऱ्या कुणालाही नजरेचा एखादा भाग काळा किंवा धूसर दिसू लागला, अंधारी येण्याचे प्रसंग भराभर वाढले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा रंग फिके वाटू लागले, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी डोळे दाखवा.

डोकेदुखीकडे वळू या, कारण मला वाटतं तुमचा खरा कंटाळा तिथे आहे. दाब वाढला की डोकं दुखतं, म्हणून दुखणारं प्रत्येक डोकं दाबाने दुखतंय असं मानण्याची चूक रुग्णच काय, डॉक्टरही करतात. या आजारात बऱ्याच जणींची डोकेदुखी हळूहळू मायग्रेनचं रूप घेते. दाब आटोक्यात आला तरी ती आपल्या वाटेने चालू राहते. अ‍ॅसेटाझोलामाइडवरची मोठी चाचणी २०१४ मध्ये आली. सौम्य नजरदोष असलेले १६५ रुग्ण होते, सर्वांना कमी मिठाचा, वजन उतरवणारा आहार, आणि अर्ध्यांना ही गोळी. गोळीने नजर जास्त सुधारली, डोकेदुखीत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. तुमची सूज उतरली आणि डोकेदुखी राहिली, हे त्याला धरूनच आहे.

त्यात तुम्ही लिहिलं आहे, ‘रोज एक तरी वेदनाशामक लागतंच.’ साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस आणि मायग्रेनवरच्या ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं काही महिने चाललं तर गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवतात. तुमच्या दुखण्याचा एक हिस्सा याचा असण्याची शक्यता मला दाट वाटते. महिनाभर वहीत नोंद ठेवा: दुखलं कधी, कुठल्या बाजूला, उजेड-आवाज नकोसा झाला का, उलटी, पाळी, आणि कोणती गोळी. ही वही घेऊन डोकेदुखीसाठी वेगळी भेट मागा. डोकेदुखीचं हे गणित सुटण्याआधी केवळ डोकेदुखीसाठी स्टेंट घातला आणि दुखणं राहिलं, तर तुमच्या डोक्यात एक नळी असेल, काही महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील आणि डोकंही दुखत असेल.

वजनाबद्दल लिहिताना मी जपून लिहितो, कारण तुम्हाला तपासायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ते फटकळपणे सांगितलेलं दिसतं. ‘वजन उतरवा’ हे तुमच्या स्वभावावरचं मत नाही, तो या आजारावरचा उपचार आहे. ते वर्तणुकीचं प्रमाणपत्र असल्यासारखं बोलणाऱ्यांची चूक त्यांच्यापाशीच राहू द्या. जादा वजन आणि हा दाब यांचा संबंध पक्का आहे, पण तो नेमका कसा, हे पूर्ण उलगडलेलं नाही. पोटातला दाब, चरबीपेशींचं रसायन, पुरुषी हार्मोन्सचा वेगळा तोल, असे धागे सापडत आहेत. म्हणजे यात शरीराचंच काहीतरी वेगळं चाललेलं आहे, आळसाने हे होत नाही. २०२१ मध्ये ६६ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचं वजन बरंच जास्त होतं. काहींना वजनाची शस्त्रक्रिया दिली, बाकींना आहारगटात घातलं. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पाण्याचा दाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ६ सेंटिमीटरनी कमी होता आणि दोन वर्षांनी हा फरक वाढला. गोळी ज्या मुळापर्यंत पोचत नाही, आणि स्टेंटही, तिथवर हा उपाय पोचतो. तुम्ही स्टेंट घेतलात तरी तो लागणारच आहे. म्हणून ‘स्टेंट की वजन’ अशी निवड मुळात नाहीच. मदत मागताना ‘प्रयत्न करते’ एवढ्यावर थांबू नका, आहारतज्ज्ञ, भूक कमी करणारी नवी इंजेक्शनं, शस्त्रक्रिया यांपैकी आपल्याला काय लागू पडतं ते नेमकं विचारा. ती इंजेक्शनं गर्भधारणेच्या आधी थांबवावी लागतात, हे मात्र तुमच्या बाबतीत हिशेबात धरलं पाहिजे.

पत्रात दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत आणि माझी नजर तिथेच अडकली. मुरमांसाठी मधूनमधून गोळ्या घेता, आणि झोपेत खूप घोरता. मुरमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन, तसंच आयसोट्रेटिनॉइन आणि जास्त मात्रेतलं ‘अ’ जीवनसत्त्व यांनी कवटीतला दाब वाढू शकतो. यातली एखादी गोळी तुम्ही घेत असाल, तर आजाराला ‘कारण न सापडलेला’ म्हणणंच चुकेल. आयसोट्रेटिनॉइन तर गर्भधारणेच्या बेतात अजिबात चालत नाही. गोळीचं नाव उद्याच डॉक्टरांना कळवा. घोरण्यामागे झोपेत श्वास अडखळत असेल तर त्यानेही दाब चढतो, त्याची तपासणी सोपी आहे. रक्तक्षयही एकदा पाहून घ्यावा. इतक्या साध्या गोष्टी राहून गेल्या आणि गाडी थेट स्टेंटपर्यंत आली, याचं मला थोडं आश्चर्य वाटतं.

आता समजा, मोजणीत फरक भरपूर निघाला, गोळ्या सोसवत नाहीत आणि स्टेंट ठरला. मांडीतून किंवा मानेतून शिरेत नळी जाते. स्टेंट घालताना बहुधा पूर्ण भूल देतात. आधी काही दिवसांपासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू करतात, ही जोडी पुढे काही महिने आणि मग अ‍ॅस्पिरिन आणखी बराच काळ. स्टेंट घातलेल्या बाजूचं डोकं काही दिवस, कधी काही आठवडे जास्त दुखतं, कारण मेंदूचं आवरण ताणलं जातं. स्टेंट फसल्याची ती खूण समजू नका. क्वचित घडणाऱ्या पण गंभीर गोष्टी म्हणजे मेंदूभोवती रक्तस्राव, स्टेंटमध्ये गुठळी आणि नळी घातली तिथे मोठा रक्तसाका. म्हणून दात काढायचा आहे, कुठली लहान शस्त्रक्रिया आहे, असं म्हणून कुणी या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर ज्यांनी स्टेंट घातला त्यांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका. अ‍ॅसेटाझोलामाइड दुसऱ्या दिवशी सुटत नाही. डोळे तपासत तपासत ती उतरवतात. डोळ्यांची फील्ड टेस्ट (नजरेचा पल्ला कुठवर आहे ती तपासणी) आणि डोळ्याच्या नसेचा ओसीटी स्कॅन हे पुढेही चालूच राहतात.

आणि मूल. हा आजार असताना गर्भधारणा वर्ज्य नाही, हे आधी मनातून पक्कं करा. पण वेळापत्रक एकत्र बसून आखायला हवं. क्लोपिडोग्रेल चालू असताना दिवस राहू देण्यापेक्षा ती जोडी संपेपर्यंत थांबणं बरं, म्हणजे स्टेंट घेतला तर बाळाचा विचार आपोआप काही महिने पुढे जातो. ‘वर्षभरात मूल हवं म्हणून लवकर स्टेंट’ हा हिशेब त्यामुळे उलटाही पडू शकतो. अ‍ॅसेटाझोलामाइडचं पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं, हे दिवस राहण्याआधी ठरवा. डोकेदुखीवर कुणी टोपिरामेट सुचवलं तर तुमचा बेत त्यांना स्पष्ट सांगा: त्या औषधाने गर्भात दोष निर्माण होऊ शकतो, शिवाय काही गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही त्याने कमी होतो.

तुमच्या जागी मी असतो, तर पुढच्या भेटीत दोन्ही डॉक्टरांना आणि नेत्रतज्ज्ञांना एकाच टेबलाशी बसवण्याचा आग्रह धरला असता. ते जमलं नाही तर तिघांना एकच लेखी प्रश्न: माझी नजर कोणत्या तपासणीत, किती घसरली तर तुम्ही थांबणं सोडून स्टेंट कराल? उत्तर आकड्यात मागा आणि कागदावर लिहून घ्या. तोवर डोळे तपासण्याचं अंतरही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, आणि जमेल तेव्हा एकाच यंत्रावर, एकाच ठिकाणी तपासणी करा, म्हणजे आकड्यांची तुलना खरी होईल.